उभ्या पिकातला नांगर

मी घाट उतरलो त्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी पत्र्याची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि आमच्या कुरवंडे गावापासून लोणावळ्याच्या स्टेशनापर्यंत चालत आणली. मी एकोणीस वर्षांचा होतो, ट्रंक फार जड नव्हती, पण ती त्यांनी मला उचलू दिली नाही. गाडीला चाळीस मिनिटे होती. मी फलाटावरच्या पाटीकडे पाहत उभा राहिलो. 'लोणावळा'मधला 'ळा' बाकीच्या अक्षरांपेक्षा बोटभर खाली घसरला होता. "पाटीकडं काय बगतुस?" आबा म्हणाले. "गाडी पाटीवरनं येती व्हय?"

या गोष्टीला वीस वर्षे होऊन गेली. जे वर मावळात राहिले आणि जे माझ्यासारखे खाली मुंबईला उतरले, त्या दोघांसाठी हे लिहितो. वरच्यांना मी मुंबईत काय धंदा करत होतो ते कधी नीट कळले नाही. तेव्हा आधी ते सांगतो.

शाळेतल्या ड्रॉइंगच्या परीक्षेत मी भूमितीत पहिला आणि फुलापानांत नापास होतो. तेवढ्या भांडवलावर मला गिरगावातल्या एका जाहिरातीच्या स्टुडिओत जागा मिळाली. तिथे मालाला 'छाप' देत. माल कोणताही असो. तेल घाण्यातून येताना नुसते तेल असते. त्यावर बाई चिकटली की ते 'मोहिनी छाप' होते आणि बाटली लहान होते. स्टुडिओचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणत असू, विलायतेत सहा महिने राहून आले होते आणि पुढची वीस वर्षे तिथून परतलेच नव्हते. ते आरामखुर्चीत पडून विलायती कॅटलॉग चाळत आणि मधेच हात वर करून "आयडिया!" म्हणत. कॅटलॉगातल्या मडमेला नऊवारी नेसवली की आयडिया पुरी झाली.

चित्रे काढायला वसंतराव होते. हात चांगला, डोळे बंद. केशतेलाच्या लेबलावरची त्यांची बाई मी पट्टीने मोजली. बाई पाच फुटांची धरली तर केस अकरा फूट भरत होते. शक्तिवर्धक गोळ्यांच्या डबीवरच्या पैलवानाचा दंड त्याच्या डोक्यापेक्षा सव्वापट जाड होता. काड्यापेटीवरचा वाघ एकाच वेळी दोन्ही उजवे पाय पुढे टाकत होता, तेही उडी मारताना. मी हे सगळे सांगत असे आणि सगळे हसत. साहेबांनी माझे नाव 'मापारी' ठेवले. बाजारात धान्य मोजून देणारा तो मापारी. मला त्याचा राग आला नाही. त्या खोलीत मोजता येणारे काम करणारा मी एकटाच होतो.

माझे काम असे. रंगीत लेबल दगडावरून छापत, आणि जितके रंग तितके दगड. एक रंग केसभर सरकला की बाईचे ओठ हनुवटीवर येत. पहिली नक्कल माझ्यापुढे येई. मी भिंग आणि पोलादी पट्टी घेऊन ती तपासायची आणि कोपऱ्यात 'बरोबर' लिहून सही करायची. सहीशिवाय छपाई सुरू होत नसे. एवढ्यापुरता मी त्या स्टुडिओचा राजा होतो.

एकदा एका तांदळाच्या व्यापाऱ्याला छाप हवी होती. अस्सल मावळी आंबेमोहर, आणि त्याला साजेसा अस्सल मावळी शेतकरी. साहेब नाताळात लोणावळ्याला बंगला भाड्याने घेऊन हवा खात असत. त्यांनी मला निरोप पाठवला की फोटोग्राफर घेऊन या, तुमच्याच गावात जाऊ. मी खूश झालो, हे कबूल करतो. आमच्या बापजाद्यांच्या तोंडाला पहिल्यांदाच कोणी किंमत देत होते.

आबा तयार होऊन ओसरीवर बसले होते. चुलत्याचा काळा कोट, लग्नातले पागोटे, वर तपकिरीचा वास. साहेब माझ्या कानात म्हणाले, "हा तर कुळकर्ण्याचा कारकून दिसतो. उघडा करा याला. आणि हातात नांगर द्या."

मी आबांना सांगितले. आबांनी साहेबांकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "कोट काढून फोटू? मंग आंगुळ करताना या की, आयतंच हुईल."

माझी मावशी आमच्याच घरी राही. ती दारातून म्हणाली, "आन भावजी, नांगूर कशापायी वो? त्यो काय कुटं पळून चाललाय?"

शेवटी कोटातच फोटो निघाला. खाचरे कापून रिकामी पडली होती. साहेबांनी रुमालाने बूट पुसले, "फाइन एअर" म्हणाले आणि गेले.

दोन महिन्यांनी नक्कल माझ्या टेबलावर आली. सात रंग. चेहरा आबांचाच, डाव्या भुवईवरच्या विळ्याच्या खुणेसकट. धड मात्र शक्तिवर्धक गोळ्यांच्या डबीवरून आणल्यासारखे, उघडे आणि तेल लावलेले. पण मी थबकलो ते खाली पाहून. आबांच्या कमरेपर्यंत पिकलेले, पिवळेधमक भात उभे होते आणि त्या उभ्या भातातून ते हसत नांगर हाकत होते. बैलांच्या पायांखाली लोंब्या आडव्या झाल्या होत्या.

मावळात उभ्या पिकात नांगर घालतात, नाही असे नाही. भाऊबंदकी इतकी पेटली की भावाच्या तोंडचा घास मातीत घालायचा असतो, तेव्हा. आमच्या लहानपणी पलीकडच्या वाडीत एकाने घातला होता. त्या घराशी पुढे कोणी सोयरीक केली नाही.

मी नक्कल घेऊन वसंतरावांकडे गेलो. ते म्हणाले, "चूक काय आहे? शेतकरी आहे, शेत आहे, नांगर आहे."

"नांगर पेरण्याआधी चालवतात."

"मग कापतात कशाने?"

"विळ्याने."

"अरे वा," वसंतराव म्हणाले. त्यांना खरोखरच नवीन माहिती मिळाली होती. चाळीस वर्षे दोन वेळा भात खाणारा माणूस.

साहेबांपुढे गेलो. त्यांनी पाइप बाजूला ठेवला. "अहो मापारी, नांगर काढला तर हा शेतकरी आहे हे कळणार कसं? पीक काढलं तर विकायचं काय? लोक हा तांदूळ शिजवणार आहेत, पेरणार नाहीत. रंग जुळलेत की नाही, तेवढं बोला."

"माझे वडील आहेत ते, साहेब."

"मग तर तुम्हांला आनंद व्हायला हवा. रंग जुळलेत?"

रंग जुळले होते. सातही दगड एकमेकांवर चोख बसले होते, भिंगातूनही फट दिसत नव्हती. मी टेबलाशी परत आलो, 'बरोबर' लिहिले आणि सही केली. 'रंग बरोबर' असे लिहिता आले असते. दोन अक्षरे वाढली असती. ती मी लिहिली नाहीत, कारण साहेब हसले असते.

पुढचे मावशीने सांगितले. लोणावळ्याच्या बाजारात दुकानातल्या खांबावर याच चित्राचा रंगीत पुठ्ठा टांगला गेला. आबा मीठ आणायला गेले होते. कुरवंड्याची पाचसहा माणसे तिथे जमली होती. एकाने विचारले, "आबा, कुनावर खुन्नस काढली म्हनायची ही?"

"त्यो मी न्हाई," आबा म्हणाले.

"आन भुवईवरची खूण?"

"खूण माजी आसंल. त्यो मी न्हाई."

मीठ न घेता ते परत आले.

दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा त्यांना सगळे समजावून सांगितले. दगड, रंग, साहेब, वसंतराव, त्यांचे विळ्याबद्दलचे अज्ञान. आबांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "ह्याच्यात तुजं काम काय हुतं?"

"तपासायचं."

"आन तू तपासलंस?"

"व्हय."

ते उठून गोठ्यात गेले. मला ओरडले असते तर बरे झाले असते.

वर्षभरात मी स्टुडिओ सोडला. आता एका छापखान्यात फॉर्म आणि वेळापत्रके तपासतो. तिथे चित्रे नाहीत, आकडे आहेत, आणि चुकलेला आकडा सुंदर दिसतो असे कोणी म्हणत नाही. स्टुडिओ अजून जोरात आहे. लढाईमुळे कागद मिळत नाही, पण आयडिया मुबलक मिळतात.

आणि खाली उतरलेले माझे गाववाले? चाळीत तीन खोल्यांमध्ये मी तो पुठ्ठा काच लावून टांगलेला पाहिला. एकाने मला अभिमानाने दाखवला: "बघा, आपलं मावळ!" हा माणूस वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत नांगराच्या मागे चालला होता. मी त्याला म्हटले, नीट पाहा. त्याने पाहिले आणि म्हणाला, "रंग किती झकास आहेत!" साहेबांना मी माफ करीन, त्यांना भात ताटातच माहीत होता. याला करणार नाही.

मी दरवर्षी चिखलणीला, म्हणजे लावणीआधी खाचरांत चिखल करतात तेव्हा, रजा घेऊन वर जातो. स्टुडिओ सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी खाचरात उतरलो आणि नांगराच्या रुमण्याकडे, म्हणजे मुठीकडे, हात नेला. आबांनी बैल थांबवले. आवाज चढवला नाही.

"रुमण्याला हात लावू नगंस," ते म्हणाले. "बांधाव बस."

मला वाटले होते एखाद्या वर्षाने विसरतील. विसरले नाहीत. भाकरी मला पहिली वाढतात, मुलांची चौकशी करतात, परतताना तांदळाचे गाठोडे बांधून देतात. घर अजून माझे आहे, यात मला शंका नाही. ते बांधापर्यंत आहे.