साधं का येगळं

माझ्या कामात साधं निघणं म्हणजे पदरी निराशा. दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की अवकाशात तरंग उठतात. ते पकडणारी यंत्रं आभाळाचा एक मोठा तुकडा तेवढा दाखवतात, इथेच कुठेतरी शोधा म्हणून. त्या तुकड्यात नव्याने उजळलेले ठिपके ढीगभर. एकेकाचा प्रकाश रंगांत फोडून बघायचं, तो त्या टकरीचा आहे की योगायोगाने तिथेच फुटलेल्या भलत्याच ताऱ्याचा. बहुतेक वेळा भलताच, साधा निघतो. मग मी चिडते आणि मोताळ्याला बाबांना फोन लावते.

बाबा तहसीलमधले निवृत्त कारकून. ताऱ्यांशी त्यांचा संबंध माझ्यापुरता. फोन उचलला की ख्यालीखुशाली नाही, थेट प्रश्न, "साधं का येगळं?" साधं म्हटलं की हळहळायचे. वेगळं निघेल त्या दिवशी गल्लीत पेढे वाटणार, हे त्यांनी जाहीर करून ठेवलं होतं. गावी गेले की पेढेवालाही मला विचारायचा, कधी वाटायचे म्हणून.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या छातीच्या फोटोत ठिपका दिसला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. मी रजा घेऊन मोताळ्याला आले. रिपोर्टची वाट बघत असतानाच तरंगांची सूचना आली, आणि ठिपके निवडायची पाळी नेमकी माझी. दुर्बीण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, तिथे रात्र, आमच्याकडे भर दुपार. बाहेर आठवडी बाजाराचा गलका, आत मी लॅपटॉपला चिकटलेली. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. सगळ्यांत आशा वाटली तो ठिपका मी निवडला. त्याच्या प्रकाशाचा आलेख आला. साधाच.

मी लॅपटॉप आपटून मिटला. बाबा हळहळले, पुढचा पाहू म्हणाले. मला त्यांचाच राग आला. स्वतःच्या ठिपक्याबद्दल ते चकार शब्द काढत नव्हते. आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच मनात घोकत होते, साधं निघू दे, साधंच निघू दे.

दुसऱ्या दिवशी आम्ही बुलढाण्याला गेलो. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि बाबांना सांगितलं, गाठ साधी नाही, वेगळी आहे, असा प्रकार फार क्वचित दिसतो.

बाबांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी माझ्या हातावर थाप मारली.

"पाह्य वं, येगळं निंगालं."

डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. माझे डोळे भरून आले. बाबांचा हात माझ्या हातावरच राहिला होता. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी डॉक्टरांना नाही, मलाच विचारलं.

"म्हंजे साधं असतं तं बरं होतं का वं?"

मी हो म्हणाले.