समाधानच्या वडिलांना शिरवळ दाखवलं

शाळांत जाऊन दहावीच्या मुलांना आयटीआय, डिप्लोमा समजावून सांगणं हे माझं काम. मुलं माना डोलावतात आणि निर्णय घरी बाप घेतो. म्हणून यंदा हट्टाला पेटले: शिरवळच्या एमआयडीसीतला एक कारखाना दाखवायचा तो बापांसकट.

मिरजेहून विटा, मायणी करत दहिवडीकडे निघाले. जाणार असाल तर विट्यात पोटभर खाऊन घ्या, पुढे मला धड चहासुद्धा मिळाला नाही. माळावर मेंढरं आणि पाण्याचे टँकर, बाकी नुसतं ऊन.

मुक्काम तिथल्या शाळेतल्या बाईंकडे. भाकरी आणि जाळ, झणझणीत आमटी वाढता वाढता त्यांनी दहावी दिलेल्या समाधानबद्दल सांगितलं. शाळेची बंद पडलेली मोटर त्यानं चालू केली होती, इलेक्ट्रिशियन व्हायचं डोक्यात होतं. वडिलांचं हैदराबादेत गलाईचं दुकान, म्हणजे सोनं-चांदी वितळवून ॲसिडमध्ये शुद्ध करायचं काम. ते जत्रेला गावी आले होते. इकडे रीतच आहे, जत्रा उरकली की परतताना दहावी दिलेला पोरगा दुकानावर न्यायचा. समाधानची बॅग भरून तयार होती.

सकाळी समाधान आणि त्याच्या वडिलांना घेऊन भाड्याच्या गाडीनं निघालो. मोगराळे घाट उतरून फलटणला मिसळ, मग लोणंद, शिरवळ. वडील वाटभर खोकत होते. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"ॲसिडचा धूर हाय मॅडम. लय वर्सं झाली," ते म्हणाले. ऊन फार आहे म्हणावं, तितक्या सहज.

कारखान्यात समाधान इलेक्ट्रिक पॅनेलपासून हलेना. जतकडचा एक तरुण त्याला समजावत होता. मला वाटलं, जिंकलं! तेवढ्यात वडिलांनी त्या तरुणाला विचारलं, "पर्मनंट हाईस का रं गड्या?"

"न्हाई अण्णा. काँट्रॅक्टवर. मुदत संपली की घरी बसायचं, बोलावलं तर परत यायचं."

"शिक्षान?"

"ह्याच कामाचा आयटीआय."

मी घाईघाईनं मध्ये पडले. सगळ्यांचं असं नसतं, हातात काम असलं की स्वतःचा धंदाही करता येतो, वगैरे. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आवं मॅडम, आमच्या दुकानातनं निदान पोराला कोण काढून टाकत न्हाई."

मला भयंकर राग आला. त्यांचा नाही, कारण ते खोटं बोलत नव्हते.

परतताना लोणंदला समाधाननं हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी फॉर्म भरता येतोय का?"

"येतो की."

"बगू," वडील पुढच्या सीटवरून म्हणाले. त्या 'बगू'चा अर्थ गाडीतल्या सगळ्यांना कळला. 

घरी आल्यावर मैत्रिणीनं विचारलं, परत बापांना नेशील का? नेईन. खोटं चित्र दाखवून पोरं पळवायची नाहीत मला. पण त्या तरुणाची नोकरी कायम असती तर, हे मनातून जात नाही.

पावसाळा संपता संपता समाधानचा हैदराबादहून फोन आला. दुकानात त्यानं एक्झॉस्ट फॅन बसवला होता, वायरिंग स्वतः केलेलं. उत्साहानं सांगत होता. मध्येच खोकल्याचा आवाज आला.

"पप्पा का रे?"

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "पप्पा आता गावाकडंच असत्यात. मीच हाय."