रूपजीबाबांनी सोडलेल्या गोळ्या

नाशिकहून निघालेली एसटी जव्हार, कासा करत डहाणूला पोचली, तोवर माझ्या कंबरेने हात टेकले होते. स्टँडवर धाकटी बहीण सुमन उभी होती. तिचं घर चिखल्याला, समुद्र हाकेच्या अंतरावर. आणि ही बाई एका महाराजांच्या सत्संगात जाऊन मासे सोडून बसलेली! जेवायला दुधी भोपळा वाढला. मी नेहमीसारखं चिडवलं, पण ती हसली नाही.

"दादा, उद्या तलासरीकडे येशील माझ्याबरोबर? माझ्या हातून चूक झालीय."

त्यांच्यात सोडणीची (दर पौर्णिमेला तसबिरीपुढे एखादी गोष्ट सोडण्याची) रीत आहे. कोणी विडी सोडतं, कोणी ताडी, कोणी जावेशी धरलेला अबोला. सुमन ते वहीत लिहिते, वाचून दाखवते, लोक टाळ्या वाजवतात. मागच्या पौर्णिमेला रूपजीबाबा नावाच्या म्हाताऱ्याने 'गोळ्या' असं सांगितलं. हिने लिहिलं, टाळ्या झाल्या. परवा पाड्यावरच्या (वस्तीवरच्या) आशा सेविकेचा फोन आला तेव्हा कळलं, की त्या टीबीच्या गोळ्या होत्या. बाबांच्या थुंकीतून आता रक्त पडत होतं.

"तुमचे सत्संगाचे प्रमुख काय म्हणतात?"

"ज्याची त्याची श्रद्धा म्हणतात. आपण मध्ये पडायचं नाही."

"मग?"

"मग काय? लिहून मी घेतलंय ना."

सकाळी निघालो. चिकूच्या वाड्या मागे पडल्या आणि कापणी झालेली भाताची खाचरं सुरू झाली. टमटम पायवाटेशी थांबवून आम्ही चढायला लागलो. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. भाताच्या धसांवरून अनवाणी उड्या मारणारा माझ्यासारखा शाळामास्तर बघून गुराखी खुशाल हसत होते. सुमनने मात्र एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

रूपजीबाबा अंगणात खाटेवर बसले होते. नुसती हाडं राहिली होती. त्यांच्या सुनेने माझ्यापुढे नागलीची (नाचणीची) भाकर आणि सुकटीची चटणी ठेवली. "सोडणी म्हाताऱ्याची, आमची नाय," ती हळूच म्हणाली. मी चवीने खाल्लं.

सुमन सरळ खाटेपाशी खाली बसली. "बाबा, गोळ्या का सोडल्या?"

"बाय, ताडी सोडली, तंबाखू सोडला, मच्छी सोडली. आता माझ्याकडं सोडायला काय रायलं? पुनवेला हात हलवत कसा येऊ?"

मला हसू फुटलं, तशी मी मान फिरवली.

"दवाखान्यात चला. खाली गाडी उभी आहे," सुमन म्हणाली.

"म्हाराजाला दिलेला परत कसा मागू?"

"तुम्ही मागू नका, मी मागते. कसल्या गोळ्या म्हणून मी विचारलं नाही. वर टाळ्या वाजवायला लावल्या. चूक महाराजांची नाही, माझी आहे."

"न् म्हाराज कोपला तं?"

"माझ्यावर कोपू दे."

 बाबा खाटेचा आधार घेत उठले. "तुझ्यावर कशाला? तू लिवलास, पन सोडल्या तं मीच ना? चल."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना दाखल करून घेतलं आणि सुमनला सगळ्यांदेखत झापलं. तिने एका शब्दानेही प्रमुखांचं नाव घेतलं नाही.

दोन दिवसांनी पौर्णिमा होती, म्हणून मी मुक्काम वाढवला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या सत्संगात जाऊन बसलो. सुमनने उभं राहून सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. पुढच्या रांगेतून प्रमुख म्हणाले, "हे सांगण्याआधी महाराजांना विचारलंत का?"

"लिहून घेताना कुठे विचारलं होतं?" ती म्हणाली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझा ऊर मात्र भरून आला. इतकी वर्षं मी तिच्या भक्तीला हसत होतो. हसणाऱ्याला काही निस्तरावं लागत नाही, म्हणूनच हसत होतो. तिची भक्ती मला अजूनही पटत नाही. पण स्वतःची चूक न झाकता डोंगर चढून जाणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

परतीच्या एसटीत शेजारच्या गृहस्थाने विचारलं, "डहाणूला काय, चिकू न्यायला आला होता?"

"नाही हो. माझी बहीण असते तिथे," मी म्हणालो, आणि त्याने पुढे काही विचारलं नसतानाही त्र्यंबक येईपर्यंत त्याला तिच्याबद्दल सांगत राहिलो.