टॉवेलच्या काठाची गाठ

त्या मेकॅनिकचं नाव मला आजही माहीत नाही. मोटारीचं फिरणं मोजणाऱ्या एन्कोडरचा फॉल्ट दाखवून आमचा टॉवेलचा माग तिसऱ्यांदा थांबला होता. मी माग चालवणाऱ्याला चार शब्द सुनावून नवी मोटार मागवायला निघालो होतो. मेकॅनिकने लॅपटॉप उघडलाच नाही. डोळे मिटून तो मोटारीच्या केबलवरून बोटं फिरवत गेला आणि एका जागी थांबला. तिथे केबल टॉवेलच्या कापलेल्या काठाने करकचून बांधलेली होती.

“मोटार चांगली हाय की. ती कुटं फिरतीय ते सांगणारी तारच आतनं तुटलीय. कुणी बांधलं हे?”

माग चालवणाऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मेकॅनिकने आम्हा दोघांकडे पाहिलं, मीच मारलेली ती गाठ सावकाश सोडली आणि तो काठ माझ्या हातात दिला.