कळीच्या गाडीतलं तीर्थ

वसमतला माझ्या नव्या दुकानाच्या भिंती उभ्या राहिल्या, तेव्हा गवंडी म्हणाला, "चुना हिंगोलीचाच आणा." मालगाडीत चढवता-उतरवता त्याचा भुगा होतो. म्हणून जाताना आगगाडी, येताना बैलगाडी असा बेत केला. वाटेत औंढ्याच्या नागनाथाचं दर्शनही होणार होतं.

हिंगोलीबाहेर करीमभाईंची भट्टी. भाजलेल्या चुनखडीचे हलके, पांढरे खडे बघून मी चुना मागितला, तर ते हसले. "शेटजी, ये तो अभी कळी है. थोडं पाणी पिली की फुटून फक्की, पुरी भिजली की चुना, भिंतीवर चढली की सफेदी." पुढं दर्शनाला थांबलो तेव्हा औंढ्याच्या पुजाऱ्यांनी भर घातली, की मूळ शब्द चूर्ण, त्याचाच झाला चुना. इतकी वर्षं पानाला लावतोय, कधी विचार केला नव्हता.

औंढ्याला जायचं तर थंडीत जा. रस्ता कोरडा असतो, धर्मशाळेत जागा मिळते आणि दोन आण्यांत पिठलं-भाकरी पोटभर. देवळाचं कोरीव काम मात्र सकाळच्या उन्हातच बघा.

औंढ्याहून निघताना एक म्हातारी गाडीशी आली. शिरड शहापूरला जायचं होतं. नवरा खाटेला खिळलेला, त्याच्यासाठी नागनाथाचं तीर्थ नेत होती.

तांड्यावरचा भीमला गाडी हाकत होता. तो म्हणाला, "मावशे, पोत्यांत कळी हाय. पाणी दूर ठिव."

"पाणी न्हाई रं, तीर्थ हाय," म्हणत तिनं तांब्या मांडीवर धरला. पुढं हात अवघडला. तीर्थ पायाशी कसं ठेवायचं? म्हणून तिनं तो सगळ्यांत उंच पोत्यावर ठेवला.

ओढ्याच्या उतारावर गाडी आदळली आणि तांब्या कलंडला. पोतं फसफसलं, वाफ निघाली, तागाला काळा डाग पडू लागला. मी पाण्याची घागर उचलली.

"वतू नका शेटजी! आनखी पेटंल!" भीमलानं पोतं पायानं ढकलून रस्त्यावर पाडलं आणि बिचकलेले बैल सोडले.

कुणाला इजा झाली नाही. म्हातारी मात्र रिकामा तांब्या धरून रडायला लागली. "आता म्हाताऱ्याला काय दिऊ?"

भीमला म्हणाला, "तीर्थ गेलं कुठं? कळीनं पिलं की."

तिनं डोळे पुसले. पोत्यात झालेली फक्की निवेपर्यंत आम्ही थांबलो, मग त्यातली थोडी तिच्या पदरात बांधून दिली; जळकं पोतं तिथंच राहिलं.

शिरडला म्हाताऱ्यानं सगळं ऐकून पडल्यापडल्याच गाठोड्याला हात जोडले. मग बायकोला म्हणाला, "पान कवा लावतीस?"

"भिजू द्या की आधी! जीब पोळंल."

वसमतला गवंड्यानं पोती मोजली. "शेटजी, एक कमी हाय."

"बरोबर आहे," मी म्हटलं, "ते शिरडला लागलं."