भोरड्यांची बाभळ

देऊळघाटच्या रस्त्याला, आमच्या शाळेच्या कुंपणापलीकडे एका शेतकऱ्याचं ज्वारीचं वावर आहे. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे कणसांवर उतरले की तो मचाणावर चढतो, तेलाचा रिकामा डबा बडवतो, गोफण फिरवतो आणि पाखरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मला वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

हाच माणूस संध्याकाळी घरी जाताना नाल्याकाठच्या बाभळीपाशी मोटारसायकल बंद करतो आणि बाभळ मागे पडेपर्यंत ढकलत नेतो. कारण दिवसभर हाकललेल्या त्याच भोरड्या तिथे दाटीवाटीने मुक्कामाला असतात.

एकदा त्यानेच विचारलं, "सर, येवढी झाडं सोडून ह्या एकाच झाडावर काऊन बसतेत?"

मी वाचलेलं सांगितलं. थंडीत ऊब मिळते, शत्रू लवकर दिसतो. शिवाय ज्या पाखराला दाणा मिळाला नाही, ते सकाळी पोट भरलेल्याच्या मागे उडतं.

तो चमकला. "म्हंजे माह्याच वावराचा पत्ता सांगून राह्यल्या इथं?"

आता हा बाभळीवरही गोफण चालवणार, तेही माझ्यामुळे, या विचाराने मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी मुद्दाम नाल्यापाशी थांबलो. तो आला, गाडी बंद केली आणि ढकलू लागला.

"अहो, पत्ता सांगतात ना त्या?" मी म्हणालो.

"हळू बोला, सर," तो कुजबुजला. "उपाशी असन एखांदी. सांगू द्या तिले."

सकाळी प्रार्थनेच्या आधीच डबा वाजू लागला. शिव्याही त्याच होत्या. खिडकी लावावी की नाही, मला कळेना.