मावशीच्या दोन सह्या

दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. डॉक्टर मावशी म्हणत, वॉर्डबॉय मावशी म्हणत, आणि तिच्याहून चार वर्षांनी थोरला असलेला मुकादमही मावशीच म्हणे. एकोणीस वर्षं ती तिथं चादरी मोजत होती. सकाळी सहाला वॉर्डांतून गाठोडी यायची. रक्ताची वेगळी, ओकारीची वेगळी, नुसत्या घामाची वेगळी. ती सोडायची, मोजायची, यंत्रात कोंबायची आणि दुपारी घड्या घालून परत धाडायची. शेवटी मुकादम रजिस्टर पुढं धरी आणि मावशी सही ठोकी.

सही मात्र देखणी. शाळा चौथीतच सुटलेली, पण शेवटच्या अक्षराची शेपटी रेघेखालून वळून पहिल्या अक्षराला जाऊन टेकायची. मुकादम म्हणायचा, "मावशी, आकडा तरी बघत जा. चाळीसाचे चारशे लिहिले तर पगारातून कापतील."

"तुम्हीच लिहिलंय ना? मग बघायचं काय त्यात?"

माणसावर भरवसा असला की त्याचा कागद वाचणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं, असा तिचा हिशेब होता.

नवरा गेला तेव्हा लेक पाच वर्षांची होती. तेव्हापासून मायलेकी भाड्याच्या खोल्या बदलत आल्या. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा आणि घरमालकाचा आवाज बदलायचा. चौदा वर्षांत नऊ खोल्या झाल्या. एकीत संडास जिन्याखाली, एकीत खिडकी शेजाऱ्याच्या मोरीत उघडायची. एक गोष्ट मात्र सगळीकडं सारखी होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळं तिच्याकडचं भिंतीवरचं घड्याळ कधी भिंतीवर चढलंच नाही. ते पत्र्याच्या पेटीवर भिंतीला टेकून बसलेलं असे, एखाद्या आजारी म्हाताऱ्यासारखं.

ते घड्याळ तिच्या थोरल्या भावानं, दादानं दिलेलं. बावीस वर्षांपूर्वी त्यानं दोन खोल्यांचं घर घेतलं तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. खरेदीखतात बाईचं नाव असलं की नोंदणीची फी कमी बसते, असं त्याला कुणीतरी सांगितलं. आई नव्हती, बायको नव्हती, मग बहीणच उरली. मावशी एक दिवस गेली, दाखवलं तिथं सही करून आली. वाचलेल्या फीतून दादानं घड्याळ आणलं. घड्याळ राहिलं आणि सही ती विसरून गेली.

लेक एकोणीस वर्षांची झाली, औषधाच्या दुकानात कामाला लागली, आणि तिनंच घराचा विषय काढला. शहराच्या टोकाला नवी इमारत उभी राहिली होती. चौथ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर, आणि संडास घराच्या आत. किंमत पंधरा लाख. मावशीनं रिकाम्या खोलीत उभं राहून भिंतीवर हाताची पालथी मूठ आपटून पाहिली. लेक हसली, "खिळा बसतो का बघतेस?" मावशी म्हणाली, "बघू नको तर काय करू?" पन्नास हजार टोकन भरलं. कागदावर अट होती, दोन महिन्यांत बाकीचं डाउन पेमेंट आलं नाही तर टोकन गेलं. ही अट लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवली, म्हणून मावशीला कळली.

बँकेत कर्जाच्या टेबलावर एक मुलगी बसायची. चष्मेवाली, सरळ बोलणारी. तिनं पगारपत्रकं पाहिली, लेकीला सहकर्जदार धरलं आणि बारा लाख मिळतील म्हणाली. हप्ता महिन्याला दहा हजार चारशे, वीस वर्षं. पण वरचे तीन लाख स्वतःचे हवेत. मावशीकडं टोकन धरून एक लाख वीस हजार होते. खाजगी फायनान्सवाला नव्वद टक्के द्यायला तयार होता, पण त्याचं व्याज ऐकून लेकीनं पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला. दवाखान्याच्या पतपेढीतून फार तर चाळीस हजार निघाले असते. मग चष्मेवालीनंच वाट दाखवली. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला डाउन पेमेंटसाठी एक लाख ऐंशी हजारांपर्यंत मदत देणारी सरकारी योजना होती. मदत परत करायची नाही, फक्त दहा वर्षं घर विकायचं नाही.

"विकतंय कोण?" मावशी म्हणाली.

अर्ज भरला. महिन्यानं योजनेच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या कारकुनानं संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला. जुनी दप्तरं संगणकात चढवली होती. बावीस वर्षांपूर्वीचं खरेदीखत, दोन मालक, दुसऱ्या जागी तिचं नाव, आणि खाली ती शेपटीवाली सही. कारकून म्हणाला, तुमच्या नावावर घर आहे, अर्ज बसत नाही. काही म्हणणं असेल तर लेखी द्या, पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळेल.

मावशीला खोटं बोलताना सापडल्यासारखं वाटलं, नि ती आणखी काही न विचारता उठली. पंधरा दिवस थांबायचा धीरही नव्हता, मुदतीला अठराच उरले होते. जिना उतरता उतरता तिनं मनाशी ठरवूनही टाकलं. नाव आहे म्हणून अडलंय, नाव काढलं की सुटलं. लेक म्हणाली, आधी बँकेतल्या ताईला विचारू. मावशी म्हणाली, घरातली गोष्ट घरात मिटते, चारचौघांत कशाला न्यायची?

संध्याकाळी ती दादाकडं गेली. दादाच्या घरी तिचं जाणं हल्ली क्वचितच व्हायचं. वहिनी दारात उभी राहूनच बोलायची, आत ये म्हणायला तिला नेहमी उशीर व्हायचा. मावशीनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "दादा, त्या कागदावरून माझं नाव काढून टाक."

वहिनीनं ओट्यावरून मान वळवून दादाकडं पाहिलं. मग दादा म्हणाला, "काढू की. त्यात काय मोठं?"

त्या दिवशी वहिनीनं दोनदा चहा केला. जेवूनच जा म्हणाली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. मावशीचं मन भरून आलं. उगाच आपण वहिनीबद्दल वाईट धरून होतो, असं तिनं रात्री लेकीला सांगितलं. लेक अंथरूण झटकत राहिली.

तिसऱ्या दिवशी हक्कसोडपत्र तयार होतं. दादानं रिक्षा केली, स्टॅम्पचे पैसे दिले. नोंदणी कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या म्हाताऱ्या दस्तलेखकानं कागद तिच्यापुढं सरकवला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, मोबदला काही नाही असं लिहिलंय. बरोबर ना? वाचून दाखवू का?"

मावशी म्हणाली, "माझा सख्खा भाऊ आहे हो तो."

म्हाताऱ्यानं खांदे उडवले. मावशीनं सही केली. शेपटी वळून पहिल्या अक्षराला टेकली.

दुसऱ्याच दिवशी ती अर्धी रजा टाकून तो कागद घेऊन योजनेच्या कचेरीत गेली. कारकुनानं तो उलटसुलट करून वाचला आणि टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. त्यानं नियम काढून बोट ठेवून दाखवला. अर्जदाराच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर पूर्वी कधीही घर नसावं. पूर्वी कधीही. काल काढलं तरी काल होतंच. शिवाय हातातलं घर आपणहून सोडणाऱ्याला पाच वर्षं कुठलीच घरकुल मदत मिळत नाही. लेकीच्या नावानं? लग्न होईपर्यंत ती तुमच्याच कुटुंबात धरली जाते.

"मग आता ते नाव परत लावता येईल का?" तिनं विचारलं.

"भाऊ देईल?"

मावशीनं बाहेर येऊन दादाला फोन लावला. दादा म्हणाला, मला काय ठाऊक तुझे नियम, तूच आलीस ना नाव काढ म्हणत. हे खोटं नव्हतं. मागून वहिनीचा आवाज येत होता, भाजी करपतेय म्हणून. दादानं फोन ठेवला.

बँकेत ती एकटीच गेली. चष्मेवालीनं हक्कसोडपत्र वाचलं, तारीख पाहिली, पुन्हा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, सही करायच्या आधी एकदा आला असतात तर? निम्मं घर तुमचं होतं. भावाकडून हिस्सा मागितला असता तरी त्यात तुमचं डाउन पेमेंट दोनदा निघालं असतं."

मावशी तिच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघत राहिली. मुदतीला चौदा दिवस होते. मग ती म्हणाली, "हां." एवढंच.

चौदा दिवस संपले. इमारतीच्या ऑफिसात टोकनची पावती तिनं पुढं ठेवली तर तिथल्या पोरानं अटीवर बोट ठेवलं. दोन महिन्यांनी लेक सहज तिकडून आली तेव्हा चौथ्या मजल्याच्या गॅलरीत कुणाचे तरी कपडे वाळत होते. तिनं आईला ते सांगितलं नाही. पण अकरा महिने भरले, नवी खोली शोधायची वेळ आली, तेव्हा सामान बांधताना ती घड्याळ हातात धरून म्हणाली, "हे टाकून देऊ?"

"का? चालतंय की."

"आई."

"चालतंय म्हटलं ना," मावशी म्हणाली, आणि तिनं ते चादरीत गुंडाळलं, काच आतल्या बाजूला करून.

दहाव्या खोलीतही खिळा ठोकायची मनाई होती. घड्याळ पेटीवर बसलं.

धुलाईखान्यात एक गोष्ट बदलली. मुकादम रजिस्टर पुढं धरतो तेव्हा मावशी आता सही करत नाही. खुर्ची ओढून बसते, बोट टेकवत प्रत्येक ओळ वाचते, ओठ हलतात. मग उठून गठ्ठे पुन्हा मोजते. मोठ्या चादरी, छोट्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनची हिरवी फडकी. दुसऱ्या बायांची बस चुकते. त्या कुरकुरतात. एक दिवस मुकादमही वैतागला आणि म्हणाला, "मावशी, एकोणीस वर्षांत एकदा तरी फसवलं का मी तुम्हाला?"

"नाही," मावशी म्हणाली, आणि अभ्रे पहिल्यापासून मोजायला लागली.